मासे ऐकायचं यंत्र

पाण्याखाली मासा बोलतो, असं रोह्याजवळ वरशाला, आमच्या बिल्डिंगीत मी कुणाला सांगितलं की तो माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या सुनेकडे बघतो. बघू देत. घोळ बोलते, ढोमा बोलतो. ओरडत नाहीत, पोटातल्या पोटात वाजतात. मोठ्या घोळीचा आवाज म्हणजे लांबच्या गावात ढोल चाललाय आणि वारा आपल्याकडचा नाही, तसा. ढोमा हा तिच्याच जातीतला बारका मासा, त्याचा आवाजही त्याच जातीचा, पण वरचा आणि घाईचा. पाटावर कुणी बोटं वाजवावीत तसा. ज्याने ऐकलं नाही त्याला दोन्ही सारखेच. ज्याने ऐकलं त्याला त्यात म्हैस आणि शेळीएवढा फरक.

आमच्या खाडीत माणसं हे ऐकायची. वल्हं पाण्यात उभं सोडायचं, वरचं टोक कानामागच्या हाडाला टेकवायचं आणि श्वास धरायचा. लाकूड पाण्यातलं सगळं वर आणतं. होडीत हे काम एकाच माणसाचं. तो पुढे नाळीवर बसायचा. तो म्हणाला घोळ, की तांडेल जाळं सोडायला सांगायचा. तो म्हणाला ढोमा, की होडी पुढे. घोळीच्या पोटातली पिशवी, बोत म्हणतात तिला, तिच्यासाठी व्यापारी किनाऱ्यावर येऊन बसायचे. ढोम्याला कोण विचारतो. होडी तांडेलाची, पण ऐकणाऱ्याने शब्द टाकला की तांडेलही गप्प. आमच्या होडीत ती जागा माझ्या बापाची होती आणि मला ती पाहिजे होती. या प्रकरणात दुसरं काही नाही.

मी चौथीत दोनदा बसलो आणि तिसऱ्यांदा बसलोच नाही. हे लिहिलेलं नातीने मागितलं, शुद्धलेखन बघते म्हणाली. मी म्हटलं, तुझं शुद्धलेखन तुझ्या कॉलेजात ठेव. मला जसं आठवतं तसं मी लिहिणार आणि जसं लिहिणार तसंच राहणार.

गडबच्या खाली हायवे सोडून खाडीकडे उतरलं की आमचं गाव. उन्हाळ्यात मिठागर, पावसाळ्यात भात आणि भरती-ओहोटी बघून होडी. घर कुडाचं, माणसं तीन. बाबा, आई आणि मी. माझ्या आधीचे दोघे जगले नाहीत. बाबा रागात असला की म्हणायचा, ‘त्यातला चुकीचा ऱ्हायला.’ हे तो लोकांसमोरही म्हणायचा आणि लोक हसायचे, कारण ऐकणाऱ्याच्या बोलण्याला हसायची पद्धत होती. गावात त्याला जो मान होता तो घेऊन तो घरी यायचा आणि आम्हाला त्यानेच हाणायचा.

त्या घराचे आवाज मला अजून वेगवेगळे काढून ठेवता येतात. परातीत आई भाकरी थापायची तो थप थप, तव्यावर भाकरी पडली की पाण्याचा चर्र. जवळा भाजायला टाकला की तो पाऊस पडल्यासारखा वाजायचा. मिठागरातून फळीने मीठ ओढल्याची खरखर यायची. आणि या सगळ्याच्या डोक्यावर बाबाचा रेडिओ. हाताएवढा, पेन्सिल सेलवरचा. बातम्या असोत, कीर्तन असो, भाजीचे भाव असोत, तो इतक्या जोरात लावायचा की बांधावरची टिटवी उठून जायची. एवढं करून म्हणायचा, ‘सेल उतरलं. आवाजच नाय ह्याला.’ आणि आईला सेल आणायला पिटाळायचा. आईची एक सवय होती. बाबाशी बोलायच्या आधी ती जमिनीवर टाच आपटायची. धप्प. तो वळून बघायचा, मग ती बोलायची. मला वाटायचं, नवऱ्यावर काढता येत नाही तो राग ही जमिनीवर काढते.

मिसरूड फुटायच्या वयात एकदा मी किनाऱ्याला लागलेल्या होडीत चढलो, वल्हं पाण्यात सोडलं आणि कान लावला. बाबा मागून आला. हातात दगड घेऊन त्याने वल्ह्याच्या दांड्यावर हाणला. लाकूड सगळं वर आणतं म्हणालो ना, ते दगडही वर आणतं. डोक्यात काहीतरी फुटलं आणि माझा कान वाहायला लागला. घरी आईने विचारलं तेव्हा तो भाकरी मोडता मोडता म्हणाला, ‘त्याला घोळ ऐकायची व्हती. ऐकवली.’

कान बरा झाला. पण वल्ह्याला हात लावायचा नाही, हे कायमचं झालं. होडीत माझी जागा मागे, तळात साचलेलं पाणी डब्याने उपसायची. वर्षं गेली, मी बापाच्या उंचीचा झालो, तरी डबाच. शिकवणार नाही तर मी चोरून शिकणार, हे मी तिथेच पाणी उपसताना ठरवलं. गल्फहून आलेल्या माणसांकडे टेप बघितले होते. आवाज भरून ठेवता येतो आणि तो नंतर एकट्याने कानात ऐकता येतो, एवढं कळलं होतं. मिठागरातली माझी मजुरी आईकडे असायची. मी मागितली. कशाला, तिने विचारलं नाही. पदराची गाठ सोडली आणि म्हणाली, ‘बाबाला नको सांगू.’

रोह्याच्या बाजारात करीमचाचांचं दुकान होतं. त्यांची दोन्ही पोरं गल्फला, ती माल पाठवायची आणि चाचा विकायचे. अत्तर, टॉर्च, साड्या, टेप.

‘काय ऐकणार?’ चाचांनी विचारलं. ‘भजन, कव्वाली, पिच्चरची गाणी?’

‘गाणी नाय. पाण्यातला आवाज भरायचाय. मंग तो कानात ऐकायचाय. भायेर कुणाला कळता नये.’

‘अरे, दुनिया पाण्यापासून मशीन वाचवते आणि तू पाण्यात घालणार? बापाला विचारलंस का?’

‘बापासाठीच घेतोय,’ मी म्हटलं. एका अर्थी ते खरं होतं.

चाचांनी गल्ल्याखालून एक कॅसेट काढली. ‘ही घे, ह्याच्यावर पारख. पोराने पाठवली. तिकडचे साहेब लोक झोपताना ऐकतात म्हणे. दर्या, पाखरं, पाऊस. मी दोन्ही बाजू ऐकल्या. गाणं सुरूच होत नाय. कोण घेणार सांग.’

पहिला वॉकमन पातळ, देखणा, वर नारिंगी स्पंजचा हेडफोन. त्यात लाट फुटल्यावरचा नुसता फेस ऐकू आला. स्स्स. फेसाच्या आधी लाट आपटते, तो धप्प आलाच नाही. घोळ त्या धप्पाच्याही खालच्या घरात राहते. ज्यात लाटेचं पोट ऐकू येत नाही त्यात घोळीचं काय येणार? मी तो काढून ठेवला. चाचा म्हणाले, कॉलेजची पोरं ह्याच्यासाठी भांडतात. मी म्हटलं, भांडू देत. मग मोठा, दोन भोंग्यांचा टेप लावला. त्यात धप्प होता, पण सगळ्यालाच होता. चिमणीसुद्धा ढोल वाजवत होती. शिवाय तो होडीत लपवणार कुठे?

तिसरा विटेएवढा जाड, रंग उडालेला, पण त्याला माइकची पिन लावायची सोय होती आणि आवाज भरायची लाल कळ होती. त्याच्यासोबतचा हेडफोन मला आवडला नाही. कोपऱ्यात खिळ्याला दुसरा टांगला होता. काळा, जड, कानांवर वाट्या पालथ्या घातल्यासारखा बसणारा. जहाजावरून उतरलेल्या कुणीतरी विकला होता. तो लावला आणि बाजार बंद झाला. रिक्षा गेली, चाचांचं तोंड नुसतंच हलायला लागलं. मग लाट आली. आधी पोट, मग फेस. दोन्ही आपापल्या जागी.

‘कसा दिसतोस म्हाइताय?’ वाटी उचलून चाचा ओरडले. ‘विमान चालवणारा!’

‘दिसू दे. लाट परत लावा.’

त्यांनी परत लावली. मी कॅसेट संपेपर्यंत उठलो नाही. शेवटी चाचा म्हणाले, ‘लोक बायको बघायला गेल्यावर एवढं बघत नाय.’ कोरी कॅसेट, माइक आणि अरबी अक्षरांचे हिरवे सेल त्यांनी पिशवीत घालून दिले. सेल पोराने पाठवलेले, लवकर उतरत नाहीत म्हणाले.

आजही मी असाच निवडतो आणि घरात त्यावरून भांडण होतं. नातीने मला बिनवायरचे, कानात घालायच्या गोळ्यांसारखे काहीतरी आणून दिले. मी लावले. ते कानात नीट बसत नाहीत आणि जे बसत नाही त्यातून खालचा आवाज आधी गळून जातो. मग ती मैत्रिणींबरोबर खाडीवर गेली आणि माझ्यासाठी मोबाइलवर खाडी भरून आणली. मोबाइलने सगळी घरघर साफ केली. तिचं हसणं राहिलं, खाडी गेली. शेवटी मी स्वतः दुकानात गेलो. तिथला पोरगा म्हणाला, ‘अंकल, बेस पाहिजे?’ मी म्हटलं, ‘खाली जे हाय तेवढंच पायजे. तू घातलेलं नको.’ वायरचा, बंद वाट्यांचा घेतला. माझ्या डोक्याला तो शोभत नाही, असं सून म्हणते.

तर यंत्र आलं. माइकला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला, तोंड सुतळीने करकचून बांधलं आणि वायर होडीच्या मागच्या अंगाने पाण्यात सोडली. यंत्र गोणपाटाखाली. पुढे बाबा वल्ह्याला कान लावायचा तेव्हा मागे मी लाल कळ दाबायचो. बाबा म्हणेल ते नाव मी धरत नव्हतो, जाळ्यात येईल ते धरायचो. अलीकडे त्याचं आणि जाळ्याचं जमत नव्हतं. एकदा तो म्हणाला घोळ, जाळ्यात घोळ आली. ती कॅसेटची एक बाजू. मग एकदा म्हणाला घोळ आणि वर आला नुसता ढोमा, पाट्या भरून. बाबा म्हणाला, ‘घोळ निसटली.’ तांडेल पाण्यात थुंकला. ती दुसरी बाजू. आता बाबाचं वल्हं कानाला लावून भागत नसे, तो ते दातांतही धरायचा. मला वाटायचं, हा जुन्या माणसांचा काहीतरी डाव आहे आणि तोही मला सांगत नाही.

यंत्र मी भाताच्या कणगीत पुरलं. ऐकायला म्हणून पहिल्यांदा काढलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, बाबा झोपल्यावर. मिठागराच्या बांधावर, ऊन असं की मिठाकडे बघवत नाही, तिथे मी त्या काळ्या वाट्या कानावर घालून बसायचो. आधी नुसतं पाणी. मग पाण्याच्या खाली दुसरं काही. ढोम्याची बाजू मी समजत होतो त्यापेक्षा जाड निघाली. घोळीची तर इतकी खोल की ऐकू येण्यापेक्षा छातीत कळायची. म्हटलं, असं आहे होय. दोन्ही पाठ केल्या. मीठ ओढताना तोंडाने काढून बघायचो. मधूनच कॅसेट उलटी घालून स्वतःची परीक्षा घ्यायचो आणि चुकायचो नाही. इतका आनंद मला नंतर लग्नातही झाला नाही.

तिथे मला जान्याने बघितलं. जान्या आमच्याच होडीत वल्हवायचा. त्याचं तोंड चाळणीसारखं, काही राहायचं नाही त्यात. दिवस कलताना होडी खाडीच्या तोंडाशी आली आणि हा सुरू झाला.

‘नामाकाका, तुझा पोरगा दुपारचा कानाला टोपल्या लावून बसतो. मासं ऐकतो म्हनं.’

बाबाने त्याच्या तोंडाकडे बघितलं. ‘कोण?’

‘तुझा पोरगा! मशीन आणलंय त्याने!’

‘मना ठावं हाय,’ बाबा म्हणाला. ‘कणगीत ठेवतो. चोराला जागा पण चोराची सुचते.’

सगळे हसले. बाबाने वल्हं सोडलं, कान लावला, मग दात लावले, मग परत कान. बराच वेळ गेला. मग त्याने मान वर केली आणि वल्हं माझ्याकडे केलं.

‘ये. आज तू ऐक. मशीनवाला तू. सांग तांडेलाला.’

मला वाटलं तो टर उडवतोय. उडवू दे म्हटलं. मी पुढे गेलो आणि जिथे बसायला मी अर्धं आयुष्य डबा उपसला तिथे गुडघा टेकवला. कान लावला. आवाज होता. स्वच्छ, जवळ, भरपूर. आणि तो तंतोतंत माझ्या ढोम्याच्या बाजूसारखा होता. तीच जाडी, तीच चाल. मला शंका अशी आलीच नाही.

‘ढोमा,’ मी म्हटलं.

बाबा माझ्या ओठांकडे बघत होता. तो तांडेलाकडे वळला. ‘ढोमा. चल फुडं.’

होडी वळली. फार लांब गेलो नव्हतो. मागून पलीकडच्या गावची होडी आली, आम्ही सोडलेल्या जागेवर तिने जाळं टाकलं आणि थोड्या वेळाने तिच्यावर जी ओरड झाली ती ऐकायला वल्हं लागत नव्हतं. घोळी. अंगावर सोनं फिरवल्यासारख्या, एकेक माणसाच्या मांडीएवढी. ते लोक आम्हाला हात करून दाखवत होते.

तांडेल बाबाकडे बघायला लागला. बाबा शांतपणे म्हणाला, ‘मना घोळच वाटली व्हती. म्हटलं, पोराला मान देऊ.’

किनाऱ्याला लागल्यावर त्याने मला चिखलात उभं केलं. गुडघ्याएवढ्या. जान्याला पाठवून घरून यंत्र आणवलं, हेडफोन माझ्या कानांवर चढवला आणि वायर हातात धरायला दिली. बायका मासळी निवडत होत्या, पोरं होती, व्यापारी होता. येणारा-जाणारा वाटीवर टिचकी मारायचा आणि वाटी उचलून विचारायचा, ‘काय रे, घोळ काय बोलते?’ व्यापाऱ्यानेही मारली. आई टोपली घेऊन उभी होती. भरती चढायला लागली तरी बाबाने हलू दिलं नाही. पाणी मांड्यांना लागल्यावर म्हणाला, ‘चल आता, जेवायला.’

नात विचारते, एवढे घोडे झाला होतात, उभे का राहिलात? पळून गेलो असतो तर मी चुकलो असं झालं असतं. मी चुकलो नव्हतो. मी जे ऐकलं ते बरोबर ऐकलं होतं. फक्त काहीतरी मध्ये आलं होतं आणि ते काय हे मला कळत नव्हतं.

घरात त्या दिवसापासून ढोमाच शिजायला लागला. बाबाचा हुकूम. ढोम्याचं कालवण, सुका ढोमा, ढोम्याचं आंबट. माझ्या ताटात वाढताना बाबा आईला म्हणायचा, ‘घाल गो, घोळीचा तुकडा घाल त्याला.’ गावात माझं नाव ढोमा पडलं. गडबच्या थांब्यावर अजून एखादा म्हातारा भेटला तर ‘काय ढोमा, बरा ना?’ म्हणतो. त्याला मी ओळख देत नाही.

मग एक दिवस यंत्र पार थांबलं. मी हायवेवरच्या दुकानातून सेल आणले आणि जुने काढले. हातात आले ते लाल, इथलेच. मी घातले होते ते हिरवे, अरबी अक्षरांचे. नवे घालून कळ दाबली. ढोम्याची बाजू टुकटुक पळत होती. पाटावरच्या बोटांसारखी. उलटी घातली. घोळीची बाजू वर येऊन बसली होती, आणि तो तोच आवाज होता जो मी त्या दिवशी वल्ह्यात ऐकला. सेल उतरला की फीत हळू फिरते आणि हळू फिरली की आवाज जाड होतो, हे आता शेंबडं पोरही सांगेल. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी सगळी शाळा उतरलेल्या सेलवर शिकलो होतो.

बाहेर ओटीवर रेडिओ ठणाणा वाजत होता. बाबा माझ्याकडे पाठ करून, रेडिओ मांडीवर घेऊन बसला होता. मागचं झाकण केव्हाचं हरवलेलं, आत हिरवे सेल दिसत होते.

‘बाबा, माझे सेल का काढले?’ मी म्हटलं. तो हलला नाही. मी जवळ गेलो आणि मोठ्याने म्हटलं. हलला नाही. मग मी त्याच्या मानेमागे उभा राहून एक शिवी दिली. बापाला देऊ नये अशी, सगळ्या आवाजात. शेजारची बाई बाहेर येऊन आत गेली. बाबाने रेडिओचा काटा थोडा फिरवला, रेडिओवर थाप मारली आणि आपल्याशीच म्हणाला, ‘हे पण बेकार. आवाजच नाय.’

मला तेव्हा राग आला नाही. मजा वाटली. हे मी जाणूनच लिहून ठेवतो, कारण माणसं अशा जागी डोळ्यात पाणी आलं असं लिहितात.

दुसऱ्या दिवशी दुपारी होडीवरची सगळी माणसं किनाऱ्यावर जाळं शिवत बसली होती. मी यंत्र घेऊन गेलो. ढोमा आला, जान्या म्हणाला. मी बाबाच्या समोर उकिडवा बसलो, त्याला तोंड दिसेल असा.

‘बाबा, ह्यात एका बाजूला घोळ हाय, एका बाजूला ढोमा. मी चुकलो. आता तुम्ही ऐका आणि सगळ्यांसमोर सांगा मी कुठली लावलीय. म्हणजे मी शिकन.’

नाही म्हणायची सोय मी ठेवली नव्हती. त्याने तांडेलाकडे बघितलं, हात पुसले आणि मान पुढे केली. मी हेडफोन त्याच्या कानांवर बसवला, नीट, केस बाजूला करून. यंत्र असं धरलं की कॅसेटची काच तांडेलाकडे होईल. कळीवर अंगठा ठेवला. दाबली नाही.

बाबाने डोळे मिटले. वल्ह्यावर बसायचा तसाच बसला, तोंड थोडं उघडं, मान किंचित वाकडी. फीत जागच्या जागी उभी होती. तांडेल काचेकडे बघत होता. जान्याने जाळ्यातली सुई थांबवली, पुढे सरकला आणि त्यानेही बघितलं. बाबाने मान डोलावली.

‘घोळ,’ तो म्हणाला. ‘मोठी हाय. अंड्यावर आलेली.’

जान्या हसला. एकटाच, आणि मध्येच थांबला. बाबाने डोळे उघडले. एकेकाच्या तोंडाकडे बघत गेला आणि कुणाच्या तोंडावर काही वाचता आलं नाही म्हणून परत पहिल्याकडे आला. ‘काय? बरोबर ना?’ तांडेल उठला, स्वतःच्या हाताने त्याने हेडफोन उतरवला आणि बाबाच्या खांद्यावर हात ठेवून, तोंड जवळ नेऊन म्हणाला, ‘नामा, घरी जा.’

बाबा गेला. मी तिथेच थांबलो. मला वाटत होतं आता तांडेल माझ्याकडे वळेल. तो वळलाही.

‘वल्हं तुला नाय,’ तो म्हणाला.

‘मामा, ती घोळ व्हती हे मना आता कळलंय. सेल—’

‘तू चांगला ऐकत असशील. पर माझ्या होडीत तू माझ्यापुढं बसायला नको. मी पण एक दिवस म्हातारा होणार.’

त्याला आवाजातलं काही कळत नव्हतं. त्या होडीला त्यानंतर घोळ मिळाली ती नशिबाने मिळाली. मी चांगला होतो. हे मी आजही म्हणतो आणि जो कोणी नाही म्हणेल त्याने समोर यावं.

घरी आलो तर बाबा भिंतीकडे तोंड करून पडला होता. रेडिओ बंद. आई चुलीपुढे. मी तिला सगळं सांगायला लागलो, सेल, फीत, काच. तिने मध्येच हात वर केला.

‘मना कवापासून ठावं हाय,’ ती म्हणाली. ‘टाच आपटून आपटून माझी टाच फुटली. गावाला कळू दिलं नाय मी. तांडेलाच्या बायकोला कळू दिलं नाय.’

‘मंग मला तरी सांगायचं.’

‘तुला? तुला सांगून तू काय केलं असतंस? आज केलंस तेच, आधी केलं असतंस.’

‘आई, त्याने मना चिखलात उभं केलं. सगळ्या गावासमोर.’

‘व्हय. आणि सांजचं घरात आणून जेवू घातलं. तू त्याला कुठं उभं केलंस, सांग.’

तिने भाकरी उतरवली, दोन ताटं वाढली, एक त्याचं, एक तिचं. जमिनीवर टाच आपटली. तो उठला नाही, तेव्हा ती ताट घेऊन त्याच्याजवळ जाऊन बसली. तिसरं ताट भिंतीला तसंच उभं राहिलं. मी ते घेतलं नाही आणि तिने दिलं नाही.

‘सकाळची रोह्याची गाडी हाय,’ माझ्याकडे न बघता ती म्हणाली. ‘त्या दुकानवाल्या चाचाला सांग. वळखीनं कंपनीत लावल तुला.’

मी गेलो. कंपनीत लागलो, शिफ्ट केल्या, संसार केला. त्या सकाळी घरापासून हायवेपर्यंत बांधावरून सरळ वाट होती, वारा खाडीकडून माझ्याकडेच होता आणि मी मागे वळून बघितलं नाही. आईने हाक मारली असेल तर ती मला ऐकू आली नाही. माझे कान तेव्हा चांगले होते.